हमीदभाऊ, तुम्ही केलेली जागा

हमीदभाऊ,

परतवाड्याच्या स्टँडवर एसटीतून उतरलं की तुम्ही स्कूटर घेऊन उभे असायचे, त्यामुळं अचलपूरच्या तुमच्या घराचा रस्ता मला कधी पाठ करावाच लागला नाही. परवा तो विचारत यावं लागलं. रिक्षावाल्याला म्हटलं, "हमीद शेख, ते जनावरांच्या दवाखान्यातले." तो म्हणाला, "डॉक्टरसाब ना? बसा." आणि थेट दारात आणून सोडलं.

तुम्ही डॉक्टर नव्हतात. भातकुलीच्या जनावरांच्या दवाखान्यात पर्यवेक्षक होतात. गावोगावच्या गाईम्हशींना कृत्रिम रेतन करणं हे तुमचं काम. "डॉक्टर म्हणू नका" हे लोकांना सांगून सांगून तुम्ही थकला होतात. "म्या एखाद्या गाईले कधी म्हटलं का, मी डॉक्टर हाओ म्हणून?" असं म्हणायचात. "तिले सगळं समजते. लोकाईलेच समजत नाई."

तुम्ही गेल्याचं मला चौथ्या दिवशी कळलं. तुमच्या इरफाननं फोन केला. सकाळची नमाज पढून आलात, चहा मागितलात आणि भाभी चहा घेऊन येईपर्यंत संपलं होतं. फोन आला तेव्हा मी प्रयोगशाळेत होते, हातात पेशींची बशी होती. मी ती खाली ठेवली नाही. त्यांचं जुनं पाणी काढलं, नवं घातलं, झाकण लावून उबेच्या कपाटात ठेवली आणि मग बाहेर पायरीवर येऊन बसले. हे तुम्हाला सांगताना लाज वाटत नाही. वासरू अर्धं बाहेर आलं असताना हात सोडता येत नाही, हे तुमचंच वाक्य.

आपली पहिली भेट आठवते ना? मी तेव्हा नुकतीच पुण्याहून अमरावतीला परत आले होते. कॉलेजनं मागच्या इमारतीतली एक खोली दिली होती, आणि पुण्यात पाच वर्षं राबून तयार केलेल्या पेशी मी एका कंटेनरात गोठवून सोबत आणल्या होत्या. त्या जिवंत ठेवायच्या तर कंटेनरात सतत द्रव नायट्रोजन लागतो. अकोल्याच्या एजन्सीची गाडी पंधरा दिवसांनी यायची, पण माझ्या एका कंटेनरासाठी कॉलेजच्या गल्लीत शिरायला त्यांचा ड्रायव्हर नाखूश असायचा. दोनदा तो न थांबताच गेला. मी घरी चिडचिड केली तेव्हा आमचे बाबा म्हणाले, "थे धुराचं पानी ना? थे तं भातकुलीच्या दवाखान्यात असते. आपल्या गाईसाठी हमीद आनते ना."

म्हणून मी भातकुलीला आले. तुम्ही कंटेनरात लाकडी पट्टी बुडवून तिच्यावर दव कुठपर्यंत येतं ते बघत होता.

"काय पाह्यजे?"

"लिक्विड नायट्रोजन."

"गाय कुठं हाय?"

"गाय नाही. पेशी आहेत माझ्याकडं."

"कोनाच्या?"

"माणसाच्या. कर्करोगाच्या."

तुम्ही पट्टी बाजूला ठेवली. "बाई, मानसाचा दवाखाना तिकडं हाय. इथं चार पायाचं पाह्यतो आमी." आणि मग माझ्याकडं नीट बघून, "तुमी वलगावच्या फूलवाल्याईच्या ना? शेवंतीवाल्या? तुमच्या कपिलेले दोन खेप मीच भरलं."

त्या कपिला गाईच्या ओळखीवर मला पहिला नायट्रोजन मिळाला. सरकारी नायट्रोजन बाहेर द्यायची परवानगी नव्हती, हे मला माहीत होतं आणि तुम्हालाही. तुमच्या दवाखान्यातल्या साहेबांनी खिडकीतून पाहिलं आणि आत निघून गेले. पुढं दोन वर्षं ते असेच आत जात राहिले.

मी आनंदानं म्हटलं होतं, "तुमच्याकडं तर बराच उरतो की हो." तुम्ही ज्या नजरेनं पाहिलंत ती विसरले नाही. "उरते, हे काई खुशीची गोष्ट नाई, बाई," म्हणालात. "लोक जनावरं इकून राह्यले. चारा नाई, पानी नाई. पह्यले एका गावात धा गाई भरत होतो, आता दोन. म्हणून उरते." त्या वर्षांत सकाळचा पेपर उघडायची भीती वाटायची. कोणत्या गावात काय झालं हे पेपरच्या आधी तुम्हाला कळायचं, कारण त्या घरची जनावरं आधी बाजारात गेलेली तुम्ही पाहिलेली असायची. तुम्ही याबद्दल फार बोलत नव्हता. फक्त कधी कधी एखाद्या गावाचं नाव घ्यायचात आणि म्हणायचात, "तिकडं आता जाचं काम नाई पडत."

माझी प्रयोगशाळा त्या उरलेल्या नायट्रोजनवर चालली. हे मी कुठल्याही अहवालात लिहिलं नाही.

पहिल्यांदा माझ्या खोलीवर आलात तेव्हा गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा होता. मी तुम्हाला सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. काचेवर तोंडाच्या कर्करोगाच्या पेशी होत्या. तुम्ही बराच वेळ बघत बसलात. मग उठून बाहेर गेलात, थुंकून, चूळ भरून आलात आणि पुन्हा बसलात. मला वाटलं, सुटला याचा खर्रा. तो सुटला नाही. दर ईदला सोडायचात आणि पंधरा दिवसांनी पुन्हा धरायचात. मी बोलले की म्हणायचात, "तुमी औषध काहाडा, मी सोडतो. दोघंही वादा करू." यावरून आपण पंधरा वर्षं भांडलो. हे भांडण तुम्ही अर्ध्यात टाकून गेलात.

त्या दिवशी तुम्ही विचारलंत, "या पेशी तुमी बनवल्या म्हनजे काय केलं? पेशी तं देवानं बनवल्या." आणि मी सांगायला लागले. पेशी एकाची दोन होते तेव्हा तिला वाटेत काही नाके लागतात. प्रत्येक नाक्यावर 'आता पुढं चल' असं सांगणारं एक प्रथिन असतं, त्याला किनेज म्हणतात. कर्करोगात हे नाके मोकाट सुटतात. म्हणून जगभर लोक ही किनेजं बंद करणारी औषधं शोधतात. अडचण ही की सगळी किनेजं एकमेकांची भावंडं. एकाला बंद करायला औषध टाकलं की चार बंद होतात, आणि पेशी नेमकी कुणामुळं थांबली ते कळत नाही. म्हणून मी पेशींच्या जनुकात एक बारीक बदल केला. एकाच किनेजच्या अंगात एक जादा खाच केली, जी बाकी कुणातच नाही. मग त्या खाचेतच बसेल असं एक रसायन घेतलं. ते टाकलं की फक्त तेवढं एकच किनेज बंद.

मी हे सगळं फळ्यावर काढून सांगितलं होतं.

"म्हनजे चार बैल जुतले हायेत," तुम्ही म्हणालात, "अन् चौघाईचा कासरा एकच. वढला का चौघंही थांबते. गाडी कोन वढते, समजत नाई. तुमी एका बैलाले येगळा कासरा बांधला."

"हो. अगदी."

"मंग एवढं विंग्रजी कायले बोलून राह्यल्या?"

त्यानंतर मी माझ्या विद्यार्थ्यांना कधीही फळ्यावरून सुरुवात केली नाही. कासऱ्यावरून करते. तुमचं नाव सांगून करते.

आणि तुमची गवळाऊ. तिच्याबद्दल तुम्ही सुरू झालात की माझं काम त्या दिवसापुरतं संपायचं. उंच, पांढरी, लांब तोंडाची आपल्याकडची गाय. दूध कमी, म्हणून कुणी विचारत नाही. त्या काळात योजनेतून गावोगाव संकरित गाई आल्या होत्या. वैशाखात त्या गोठ्यात जीभ बाहेर काढून पडायच्या आणि लोक तुम्हाला बोलवायचे. "थे थंड्या मुलखाचं जनावर," तुम्ही म्हणायचात. "आमची गवळाऊ याच उन्हात जन्मली. तिले काई सांगा लागत नाई." मी म्हणायचे, "पण हमीदभाऊ, शेतकऱ्याला दूध पाहिजे." तुम्ही म्हणायचात, "दूध पाह्यजे तं पह्यले गाय जित्ती पाह्यजे." मी आकडे काढायचे, तुम्ही गावातल्या गाई एकेक नावानं सांगायचात. मी कधी जिंकले नाही. तुम्ही बरोबर होता की नाही हे मला अजून ठरवता आलेलं नाही, पण तुमच्याइतकं मन लावून कुणी माझ्याशी भांडलेलं नाही.

तुमच्याकडं एका गवळाऊ वळूच्या गोठवलेल्या वीर्याच्या कांड्या होत्या. वळू मरून गेला होता. वीर्य गोठवून पाठवणाऱ्या केंद्रावर त्याचं काही उरलं नव्हतं, आणि मागणी नसल्यानं या कांड्यांची आठवणही कुणाला नव्हती. तुम्ही त्या, मी कधी न पाहिलेल्या, एका छोट्या कंटेनरात ठेवल्या होत्या आणि स्वतः जाऊन त्यात नायट्रोजन भरायचात. "एक दिवस लोक मांगायले येतीन," म्हणायचात. "तवा म्हनीन, हे घ्या." मी हसायचे. या कांड्यांबद्दल मला एवढंच माहीत होतं, आणि मी त्याकडं तुमचा छंद म्हणून बघत होते.

मग तो मे महिना. अकोल्याची गाडी बंद पडली. प्लँटमध्ये बिघाड होता म्हणे, दोन दिवसांत येईल म्हणाले, आणि आठवडा झाला. तुमच्या दवाखान्यालाही पुरवठा नव्हता. मी निश्चिंत होते, कारण माझ्या मोठ्या कंटेनरात महिनाभराची सोय होती. एका सकाळी कुलूप काढलं तर कंटेनरच्या मानेभोवती बाहेरून पांढरं दव साचलेलं, आणि बुडाशी फरशी ओली. आतली निर्वात पोकळी फुटली होती. मी पट्टी बुडवली. दव फक्त दोन बोटं आलं.

मी तुम्हाला दवाखान्याच्या फोनवर फोन लावला. माझा आवाज तुम्हाला कळला नाही, इतका बदलला होता. "पाच वर्षं गेली, हमीदभाऊ," एवढंच मी म्हणत होते. तुम्ही विचारलंत, "किती वेळ हाय?" मी म्हटलं, "संध्याकाळपर्यंत नाही पुरणार." तुम्ही फोन ठेवला.

भर दुपारी दोन वाजता तुम्ही आलात. डोक्याला ओला दुपट्टा, स्कूटरच्या पुढं पायाशी एक तीन लिटरचा कंटेनर, आणि तो पडू नये म्हणून दोन्ही गुडघ्यांनी धरलेला. तुमच्या पायाला कंटेनरच्या तापलेल्या हँडलचा चटका बसला होता. तो तुम्ही मला दाखवला नाही, मी नंतर पाहिला. कंटेनर भरलेला होता. मी विचारलंसुद्धा नाही की सगळीकडं टंचाई असताना हा भरलेला कसा. दवाखान्याच्या मोठ्या कंटेनरातलं उरलंसुरलं ओतून भरला असेल, एवढंच मनात आलं. झाकण काढलं तेव्हा आतून वाफ आली, आणि ती बघूनच मला रडू फुटलं.

तुम्ही माझ्या कुप्यांकडं पाहिलं. तुमच्या कांड्या काडीएवढ्या, माझ्या कुप्या बोटाएवढ्या.

"बाई, यातल्या किती लागतीन?" तुम्ही विचारलंत.

"सगळ्या."

"थोड्या ठेवल्या तं नाई चालत?"

"एकही सोडता येणार नाही."

तुम्ही मान हलवलीत. मग म्हणालात, "जरा प्याले पानी आना. थंडं." मी व्हरांड्याच्या टोकाला माठ होता तिकडं गेले. गडू धुतला, भरला. परत आले तेव्हा तुम्ही कंटेनरवर वाकून उभे होता. "झाली जागा," म्हणालात. पाणी प्यालात, सगळं, एका दमात. नंतर आपण दोघांनी चिमट्यानं एकेक कुपी उचलून माझ्या कोरड्या पडत चाललेल्या कंटेनरातून तुमच्या कंटेनरात टाकली. तुम्ही मला घाई करू दिली नाही आणि रेंगाळूही दिलं नाही. शेवटची कुपी गेल्यावर झाकण लावलंत आणि म्हणालात, "आता इसेक दिवस काई होत नाई यायले. जा, जेवा."

गाडी त्यानंतर बाराव्या दिवशी आली.

पेशी जगल्या. वितळवून बशीत टाकल्या, दुसऱ्या दिवशी तळाला चिकटल्या, तिसऱ्या दिवशी वाढायला लागल्या. मी तुम्हाला निरोप पाठवला आणि तुम्ही पेढे घेऊन आलात, जणू गाय व्याली.

पुढच्या दोन वर्षांत त्या पेशींनी जे सांगितलं ते मला नको होतं. ज्या किनेजसाठी मी सगळं केलं, ते बंद केल्यावर पेशी थांबल्याच नाहीत. दोनाच्या चार, चाराच्या आठ होतच राहिल्या. मी रसायन बदलून पाहिलं, मात्रा बदलून पाहिली, स्वतःला शिव्या घातल्या. शेवटी पायरीवर बसून तुम्हाला म्हटलं, "काही निघालं नाही." तुम्ही विचारलंत, नेमकं काय झालं ते सांगा. मी सांगितलं. तुम्ही हसायला लागलात.

"निघालं कसं नाई? तो बैल गाडी वढतच नव्हता, हे निघालं ना. आता त्याच्या मांगं लागून लोक चाबूक तोडनार नाईत."

मी त्या रात्री झोपले, हमीदभाऊ. बऱ्याच महिन्यांनी. सकाळी उठून दुसऱ्या किनेजलाही वेगळी खाच करायला घेतली, आणि वर्षभरानं दोघांना एकदम बंद केलं तेव्हा पेशी जागच्या जागी थांबल्या. त्यातून औषध निघालं नाही. अजून निघालेलं नाही, निघेल की नाही माहीत नाही. पण एकट्या पहिल्या किनेजवर काम करणाऱ्या दूरच्या एका गटानं आमचा शोधनिबंध वाचून आपली दिशा बदलली, असं त्यांनीच मला कळवलं. त्यांचं पत्र मी तुम्हाला मराठीत वाचून दाखवलं होतं. तुम्ही दोनदा वाचायला लावलंत.

निबंधाच्या शेवटी आभार असतात. मी तुमचं नाव घातलं होतं. तुम्ही तो कागद परत दिलात. "खोडा."

"का? तुमच्याशिवाय हे झालंच नसतं."

"उपकार कागदावर आला का त्याची चौकशी होते. माही पेन्शन दोन सालावर हाय. अन् आमच्या साहेबानं डोये झाकले होते, त्याईले काहून उघडे करता?"

मी नाव खोडलं. निवृत्त झाल्यावर पुन्हा विचारलं, तुम्ही पुन्हा नाही म्हणालात. नंतर मी विचारायचं सोडलं. मला वाटायचं, कारण पेन्शनचंच आहे, साहेबांचंच आहे. आता तसं वाटत नाही.

परवा भाभींपाशी बसले होते. त्या इद्दतीत आहेत, नवरा गेल्यावर घराबाहेर न पडण्याचा तो काळ; आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. शेजारच्या बाया उठून गेल्यावर त्यांनी माझा हात हातात घेतला आणि तुमच्या गोष्टी निघाल्या. मी त्यांना त्या मे महिन्याची गोष्ट सांगायला लागले. उन्हातून कसे आलात, कंटेनर गुडघ्यांनी कसा धरला होता, आल्यावर गडूभर पाणी कसे एका दमात प्यालात. भाभी ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "हां, वो गवळाऊ का दिन."

मी विचारलं, "कसला दिवस?"

भाभी माझ्याकडं बघतच राहिल्या. "तुमाले सांगितलं नाई त्याईनं?"

मग त्यांनी सांगितलं. तुमचा तो भरलेला कंटेनर गवळाऊच्या कांड्यांचा होता. टंचाई सुरू झाली तेव्हा दवाखान्याच्या कंटेनरात रोजच्या कामाच्या कांड्या कशाबशा तग धरून होत्या, आणि हा एकच तुम्ही काठोकाठ भरून ठेवला होता. मी पाणी आणायला गेले तेव्हा तुम्ही त्या कांड्या काढून माझ्या खोलीच्या खिडकीत ठेवल्यात. दुसरीकडं कुठं ठेवणार होता? माझ्या कंटेनरात नुसती वाफ उरली होती. मेच्या उन्हात मिनिटभरही पुरे झालं असेल. जाताना त्या खिशात घालून नेल्यात, आणि घरी येऊन भाभींच्या हातात दिल्यात. भाभींना वाटलं, काही औषध आहे. तुम्ही म्हणालात, "मिट्टी दे देना," मेलेल्या माणसाला पुरताना म्हणतात तसं.

"दो दिन बराबर खाना नहीं खाए," भाभी म्हणाल्या. "मैं बोली, क्यूँ दिए फिर? तो बोले, उस बाई ने पाँच साल में बनाया, उसका कोई दूसरा नहीं है. गाय का तो मैं देख लूँगा."

तुम्ही गाईचं खरंच बघितलंत, हेही त्यांनीच सांगितलं. निवृत्तीनंतर तुम्ही स्कूटरवर गावोगाव फिरून कुणाच्या गोठ्यात गवळाऊ उरली आहे ते लिहून ठेवत होता, मालकांची एकमेकांशी गाठ घालून देत होता. मला वाटायचं, म्हातारपणी माणसाला फिरायला निमित्त लागतं.

घरी येऊन जे मनात आलं ते तुम्हालाच सांगावं लागणार आहे, म्हणून लिहायला बसले. त्या कुप्यांमधल्या निम्म्या जोड होत्या, हमीदभाऊ. प्रत्येक वाणाच्या मी दोन-दोन, कुठं तीन-तीन कुप्या ठेवल्या होत्या. एक एक ठेवली असती तरी माझं काम चाललं असतं. तुम्ही विचारलंत तेव्हा मला हे माहीत होतं. "थोड्या ठेवल्या तं नाई चालत?" असं तुम्ही विचारलंत, आणि मी भीतीनं, लोभानं, जे काही असेल त्यानं, "एकही सोडता येणार नाही" म्हटलं. निम्म्या कुप्या सोडल्या असत्या तर तुमच्या कांड्या राहिल्या असत्या. एवढ्या बारीक असतात त्या, कोपऱ्यात मावल्या असत्या.

दोन दिवस मी स्वतःला हे विचारते आहे की त्यात काय ठेवलंय हे तुम्ही सांगितलं असतंत तर मी काय म्हटलं असतं. तुमच्याशी खोटं बोलून उपयोग नाही. जनावराचा आजार तुम्हाला त्याच्या डोळ्यांत दिसायचा. मी म्हटलं असतं, काढा तुमच्या कांड्या. त्या क्षणी मी तेच म्हटलं असतं, आणि जन्मभर ते माझ्या कानात राहिलं असतं.

तुम्ही ते ओळखलं होतं. म्हणून एकदाच विचारलंत, कारण सांगितलं नाहीत, आणि मला पाणी आणायला पाठवलंत.

माझ्या पेशी वाचवल्याबद्दल मी तुमचे आभार मानले होते, त्याच दुपारी, रडत रडत. 'काढा तुमच्या कांड्या' हे वाक्य माझ्या तोंडून निघू दिलं नाहीत, याबद्दलचे राहून गेले होते.